धरणाचे दार कोणत्या नियमाने उघडते?

पावसाळा सुरू झाला की मराठी वर्तमानपत्रांत एक चौकट ठरलेली असते. जायकवाडी इतके टक्के, उजनी इतके, कोयना इतके, खडकवासला साखळी इतके. लोक ती चौकट अग्रलेखाच्या आधी वाचतात, आणि त्यात वावगे काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड येणार की आठवड्यातून एकदा, हे त्या आकड्यांवरच ठरते. पण त्या टक्क्यांतून पाणी किती आले एवढेच कळते. ते कुणाचे, कधी सुटणार, कालव्याच्या कोणत्या टोकापर्यंत पोचणार आणि हे सारे ठरवणार कोण, यातले काहीच कळत नाही. देशात सर्वाधिक मोठी धरणे आपल्या राज्यात आहेत. दोन हजारांहून अधिक धरणे बांधून झाली, तरी या प्रश्नांची लेखी, तारीखवार उत्तरे सामान्य माणसाला सहज मिळत नाहीत. माझे म्हणणे सरळ आहे: भिंत पूर्ण झाली त्या दिवशी आपण धरणाचे काम संपले असे समजलो, आणि दार उघडण्याचा नियम बांधायचा राहून गेला.

आधी टक्क्यांचेच पाहू. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, बाकीचा ६३ टीएमसींहून अधिक मृत साठा. म्हणजे उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हा तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असते, आणि त्याखाली गेले की आकडा उणे होतो. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला. नियोजनात ज्या पाण्याला हात लावायचा नाही असे धरले होते, तेच पाणी उपसून लोक प्याले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून याच जलाशयात येते, तेव्हा तळाचे पाणी कसे असेल हे वेगळे सांगायला नको. सोलापूर शहराला हे पाणी वर्षानुवर्षे भीमेच्या पात्रातून पोचवले गेले. शहराच्या नळांना लागते त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावे लागते, कारण वाटेतली कोरडी वाळू आणि दोन्ही काठांवरचे पंप आपला वाटा आधी काढून घेतात. यातली एकही गोष्ट त्या चौकटीत दिसत नाही.

धरण पाणी साठवते हे अर्धेच खरे आहे. धरण माणसांची नवी बांधाबांध करते. पैठणला १९७६मध्ये जायकवाडी उभे राहिले आणि डावा कालवा २०८ किलोमीटर परभणीकडे, उजवा १३२ किलोमीटर बीडकडे निघाला. त्या पाण्यावर शेते उभी राहिली, छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे वाढली, कारखाने आले. नाशिकच्या डोंगरात किती पाऊस पडला याचे परभणीच्या शेतकऱ्याला आधी काही देणे-घेणे नव्हते. आता त्याचे वर्ष त्यावर ठरते. हे नाते धरणाने जोडले. ते जोडताना दोघांमध्ये करार मात्र कुणी लिहिला नाही.

पश्चिमेला वळवलेल्या पाण्याचेही तसेच. मुळशी, ठोकरवाडी, शिरवटा, वळवण या टाटांच्या धरणांचे पाणी मुळात भीमा खोऱ्याचे. गेली सुमारे शंभर वर्षे ते सह्याद्री उतरून वीज तयार करते. सेनापती बापटांनी १९२१मध्ये मुळशीत सत्याग्रह केला तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. खालच्या नदीकाठाच्या हक्काचा विचार तेव्हा फारसा कुणाच्या मनात नव्हता. आज सोलापूरकर म्हणतात, ते पाणी पुन्हा पूर्वेला सोडा. मागणीत तथ्य आहे. पण वीज तयार केल्यावर तेच पाणी उल्हास, पाताळगंगा आणि कुंडलिका या नद्यांत मिसळते, आणि तिथेही आता गावे, शहरे, कारखाने त्यावर जगतात. कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला वळवायला कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची मान्यता आहे, आणि ते कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरते. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके उपसा योजनांच्या विजेच्या बिलांशी झगडत कृष्णेचे पाणी वर चढवतात. एकदा वळवलेले पाणी दुसऱ्या कुणाचे तरी होऊन बसते, आणि मग कोणताही न्याय कुणावर तरी अन्याय वाटतो. म्हणून नियम आधी लागतो. लाभार्थी तयार झाल्यावर केलेला नियम हा नियम राहत नाही, ती तडजोड होते.

गोदावरीत हे सर्वांत उघडपणे दिसते. जायकवाडीच्या वर गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड, करंजवण, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणांची रांग आहे. वरची धरणे भरून वाहतील तेव्हाच खाली पाणी येते. चांगल्या पावसात कुणाचे कुणावाचून अडत नाही. कमी पावसात वरची धरणे ऐंशी-नव्वद टक्के आणि जायकवाडी तिशी-चाळिशीत, असे चित्र दिसते आणि दिवाळीच्या सुमारास नाशिक, अहिल्यानगर एका बाजूला आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूला अशी मोर्चेबांधणी होते. २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने एका खोऱ्यातल्या धरणांत समन्यायी वाटप व्हावे असे सांगितले. या वाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४मध्ये आदेश दिला: १५ ऑक्टोबरला खरिपाचा वापर धरून जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे. उच्च न्यायालयाने २०१६मध्ये हे तत्त्व उचलून धरले. महाराष्ट्राच्या पाण्याच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे असे मी मनापासून मानतो. तुटवडा वाटून घ्यायचा असतो, हे पहिल्यांदाच कागदावर आले.

पण ती तारीख पाहा. १५ ऑक्टोबरला पावसाळा संपलेला असतो. त्यानंतर हिशेब, बैठका, याचिका, आंदोलने. २०२३मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर पात्र कोरडे पडलेले. असे पाणी सोडताना काय काय करावे लागते ते नदीकाठच्या माणसाला विचारा. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढावे लागतात, काठावरच्या पंपांची वीज तोडावी लागते, बंदोबस्त लावावा लागतो. एवढे करूनही वाळू पिते ती पितेच. वरच्यांना वाटते आमचे पाणी लुटले, खालच्यांना वाटते निम्मे वाटेतच जिरवले, आणि दोघांचेही थोडे-थोडे खरे असते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

यात आणखी एक हिशेब आहे. जायकवाडी हा उथळ, पसरट जलाशय आहे. पूर्ण भरला की पाण्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. एवढ्या पृष्ठभागावरून पाण्याचा एक मीटरचा थर उडून गेला, तर ते ३५० दशलक्ष घनमीटर, म्हणजे बारा टीएमसींहून अधिक होतात. भंडारदरा पूर्ण भरले तरी त्यात साधारण ११ टीएमसी मावते. उन्हाळ्यात पाण्याचा विस्तार आकसतो हे खरे, पण मराठवाड्याच्या उन्हात वर्षाला एका मीटरवर भागतही नाही. ज्या ८.६ टीएमसीसाठी दोन विभाग एकमेकांवर धावून गेले, त्याच्या तोडीचे किंवा त्याहून जास्त पाणी सूर्य कुणालाही न विचारता नेतो. म्हणजे पाणी कोणत्या धरणात ठेवायचे, किती दिवस ठेवायचे, आधी कोणते वापरायचे, हेही वाटपाइतकेच मोलाचे आहे. खोल धरणातले पाणी मागे ठेवून उथळ धरणातले आधी वापरावे, हे इंजिनिअरला कळते. पण धरण जिल्ह्याचे आणि पाणी आमदाराचे असे समीकरण झाले की हे बोलायचीही सोय उरत नाही.

वरच्या भागातल्या शेतकऱ्याची बाजू मी हलकी समजत नाही. दारणा १९१६चे, भंडारदरा १९२६चे. जायकवाडीची पहिली रेघ कागदावर उमटायच्या कितीतरी आधी तिथले पाट वाहत होते. द्राक्षबाग एका वर्षी पाण्यावाचून ठेवली तर नुकसान त्या वर्षापुरते राहत नाही. आणि जायकवाडीत पाणी किती येईल याचा मूळ अंदाजच फुगवलेला होता, हा त्यांचा आक्षेप वर्षानुवर्षांच्या अनुभवावर उभा आहे. पण यातून निघते ते एवढेच, की दोघांनाही ऑक्टोबरपर्यंत टांगून ठेवणे चूक आहे. बाग धरायची की नाही हे शेतकऱ्याला आधी कळले पाहिजे. वाटपाचा हिशेब १ ऑगस्टपासून दर पंधरवड्याला झाला, आणि वरची धरणे भरत असतानाच ठरलेला हिस्सा खाली सोडला, तर नदी वाहती असते, वाळू भिजलेली असते, वाटेतले पंप बंद असतात. तेवढेच पाणी सोडून कितीतरी जास्त खाली पोचेल. यात वरच्यांचा धोका आहे. सप्टेंबर कोरडा गेला तर त्यांना कमी पडेल. आज हा सगळा धोका खालच्यांच्या पदरात आहे. एका खोऱ्यात राहायचे तर तो वाटून घ्यावा लागेल.

तारखेने बांधलेला नियम चालतो का, याचा पुरावा याच नदीवर आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा वाद महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात अनेक वर्षे पेटला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. तेव्हापासून दरवर्षी १ जुलैला केंद्राच्या आणि दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींसमोर दरवाजे वर जातात. नांदेडच्या शेतकऱ्याला हा निकाल जाचतो, आणि त्याची तक्रार खरी आहे. पावसाळ्याचे पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते. पण दरवाजे कधी उघडतील यासाठी त्याला मोर्चा काढावा लागत नाही. दोन राज्यांना जे जमले, ते एकाच राज्यातल्या दोन विभागांना का जमू नये?

पुराची गोष्ट वेगळी नाही. कृष्णा आणि पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ असे महापूर आले. प्रत्येक वेळी धरणातून पाणी उशिरा सोडले की एकदम सोडले यावर वाद झाला, आणि प्रत्येक वेळी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे नाव निघाले. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राने विरोध करायलाच हवा. पण आपल्या धरणांकडेही पाहिले पाहिजे. ती बहुतेक सिंचनासाठी किंवा विजेसाठी बांधली गेली. पुराचे पाणी सामावून घ्यायला मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा त्यांत जवळजवळ नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण काठोकाठ असेल आणि घाटमाथ्यावर पुन्हा मुसळधार लागली, तर अभियंत्याकडे आलेले पाणी खाली ढकलण्यापलीकडे काही उरत नाही.

त्या अभियंत्याच्या जागी बसून पाहा. धरण लवकर भरले तर सगळे खूश असतात, जलपूजन होते, नारळ फुटतो. ऑगस्टमध्ये त्याने धरणात जागा मोकळी ठेवली आणि पुढे पाऊस दडी मारून बसला, तर पाणी वाया घालवले म्हणून चौकशी त्याची होणार. जागा नाही ठेवली आणि सांगली बुडाली, तर अतिवृष्टीवर बोट ठेवता येते. म्हणून कोणताही शहाणा माणूस धरण भरूनच घेईल. ३१ जुलैला किती, १५ ऑगस्टला किती, ३१ ऑगस्टला किती साठा असावा हे विभागाच्या परिचालन सूचीत असते. पण ती सूची लोकांसमोर नसते, आणि ती मोडली काय, पाळली काय, कुणाला कळत नाही. ती जाहीर झाली तर सांगलीकर सावध होईल, आणि नियमाप्रमाणे वागणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशीही काहीतरी उभे राहील.

कोल्हापुरात याची एक झलक दिसते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात. मंत्र्याचा फोन नाही, फाइल नाही. पावसाळ्यात शहरभर चर्चा असते: तिसरा उघडला, पाचवा उघडला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि त्यावरून माणसे जनावरे हलवायची की नाही ते ठरवतात. हे दरवाजे धरण भरल्यावरच उघडतात, त्यामुळे पुरासाठी जागा ठेवण्याचे काम त्यांच्याने होत नाही, ही मर्यादा आहेच. पण नियम सर्वांना ठाऊक असला की लोक स्वतःचा बचाव किती शहाणपणाने करतात, हे तिथे दिसते. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत चाललेली बांधकामे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ती थांबली नाहीत तर कोणताही परिचालन नियम पुरा पडणार नाही, एवढे नोंदवतो.

आता कालव्याच्या शेवटच्या टोकाकडे येऊ, कारण नियम खरा कसाला लागतो तो तिथे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. मांजरा धरण आटले होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर जाऊ लागले. त्या गाड्यांचे देशभर कौतुक झाले, आणि रेल्वेच्या माणसांनी ते कष्टाने मिळवले होते. पण एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पंचवीस लाख लिटरची गाडी धरली तर एका टीएमसीसाठी अकरा हजारांहून अधिक खेपा लागतील. मांजराच्या लाभक्षेत्रात ऊस आणि साखर कारखाने वाढत होते तेव्हा शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी दोन वर्षांचा राखीव साठा बाजूला ठेवला असता, तर ही वेळ आली नसती. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. खात्रीचा भाव असलेले दुसरे पीक आपण त्याला दिले नाही, आणि पाणी हेक्टरवर मोजले, घनमीटरवर नाही. हेक्टरवर पाणीपट्टी घेतली की जास्त पाणी वापरणाऱ्याला त्याची झळ लागत नाही, आणि ‘टेल’च्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाळी येईपर्यंत चारी कोरडी होते.

वाघाडला हे वेगळे घडले. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातला हा मध्यम प्रकल्प. टोकाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी तिथे पाणीवापर संस्था बांधल्या. पुढे साऱ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या आणि त्यांनी मिळून प्रकल्पाचे पाणी हाती घेतले. संस्थेला पाणी मोजून मिळते, संस्था सभासदांना मोजून देते, आणि शेवटच्या टोकाला पाणी आधी पोचते. मुखाशी असलेला शेतकरी आपल्या शेतावरून वाहणारे पाणी पुढे जाऊ देतो, कारण आपली पाळी कधी आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत याहून पुढचे पाऊल टाकले होते: पाणी जमिनीच्या आकारावर नाही, कुटुंबातल्या माणसांवर, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस नाही. आटपाडी-सांगोल्याच्या चळवळीने तोच विचार टेंभू उपसा योजनेच्या पाण्यापर्यंत नेला. इथल्या मातीत उगवलेली ही उदाहरणे आहेत, आणि जलसंपदा विभागाने ती अपवाद म्हणून कौतुकाने दाखवण्यापेक्षा रीत म्हणून स्वीकारायला हवी होती.

‘पश्चिमेचे पाणी गोदावरीत आणू, मग वादच उरणार नाही’ असे सगळे पक्ष सांगतात. काही योजना कामाच्या असतीलही. पण निळवंड्याची कल्पना १९७०ची, आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३मध्ये झाले. खर्च पाच हजार कोटींच्या वर गेला. मराठवाड्यातला तरुण शेतकरी एवढी वर्षे वाट पाहू शकत नाही. शिवाय आणलेले पाणी त्याच नियमहीन साखळीत पडणार असेल, तर वाद फक्त मोठ्या आकड्यांचा होईल. आणि प्रत्येक नव्या भिंतीमागे कुणाचे तरी गाव जाते. पुनर्वसनाचा कायदा देशात सर्वांत आधी, १९७६मध्ये, महाराष्ट्राने केला. तरी कोयनेचे धरणग्रस्त सहा दशकांनंतरही आंदोलनाला बसतात. त्यांचे देणे फेडल्याशिवाय नवे धरण मागण्याचा अधिकार आपल्याला नाही असे मला वाटते.

करायचे ते फार मोठे नाही. दरवर्षी १ जुलैच्या आत प्रत्येक मोठ्या धरणाची परिचालन सूची मराठीत जाहीर व्हावी, आणि ती तालुका कचेरीपासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत लागावी. पाणी सूचीपेक्षा वेगळे सोडले तर त्याचे कारण त्याच दिवशी लिहून ठेवावे. गोदावरीचा हिशेब १ ऑगस्टला सुरू व्हावा आणि तोच नियम भीमा आणि कृष्णेला लागू व्हावा. पिण्याचा राखीव साठा सिंचनाचे आवर्तन ठरण्याआधी बाजूला निघावा. कालवा सल्लागार समितीत पालकमंत्री आणि आमदार बसतात. तिथे ‘टेल’च्या पाणीवापर संस्थेचा, नदीवर तहान भागवणाऱ्या शहराचा आणि पूरग्रस्त गावाचा माणूस मताच्या अधिकारासह बसावा, आणि बैठकीचे इतिवृत्त आठ दिवसांत बाहेर यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा, असे २००५चे दोन्ही कायदे पुस्तकात आहेत, आणि त्यांतले बरेचसे अधिकार अजून कुणी वापरलेलेच नाहीत.